कागदाच्या जाळावर शेकलेला डफ

मित्रांनो, हिंगणीच्या एका शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर, खुंटीला अडकवलेला मी एक जुना डफ आहे. माझ्या एका बाजूला विळा टांगलेला असतो, खाली कोनाडा आहे, आणि मधूनमधून एक पाल येऊन माझ्या पाठीमागे बसते. तिचा मला त्रास नाही. ती बिचारी चुकचुकते तेसुद्धा तालात.

घरी आलेली मुले मला खाली काढतात, उलटेसुलटे करून बघतात आणि हमखास विचारतात, "याले हा काळा डाग कायचा वो?" माझ्या लाकडी कड्यावर तळहाताएवढा एक जळका डाग आहे. कातडे नवे दिसते, कडे जुने दिसते, मग हा डाग कुठून आला, असे कोणालाही वाटेल. त्या डागाची गोष्ट म्हणजेच माझी गोष्ट. बसा, सांगतो.

बोर नदीच्या वरच्या अंगाला जंगलात शिवणीचे एक झाड होते. एका वैशाखात वावटळीने ते आडवे केले. वाद्ये मढवणाऱ्या चिंधूने त्याचा एक ओंडका डोक्यावरून गावात आणला. शिवणीचे लाकूड हलके असते आणि उन्हापावसात वाकडे होत नाही. त्याचे त्याने गोल कडे केले. माळावर चरून मोठ्या झालेल्या एका शेळीचे कातडे भिजवले, घासले, चिंचोक्याच्या खळीने माझ्या कड्यावर ताणून बसवले आणि मला सावलीत ठेवले. मी वाळत होतो तेव्हा मला वारा ऐकू यायचा. तो झाडाने ऐकलेला होता की शेळीने, ते मला अजून सांगता येत नाही.

मला न्यायला आला सोनबा. गावात त्याला शाहीर म्हणत. चिंधूने मला त्याच्या हाती दिले, पण लगेच सोडले नाही.

"सोनबा, पावसाळ्यात हा ढिला पडन. तवा शेकजो. पन एक ध्यानात ठेवजो. याले जाळ नको दावजो, धग देजो. गोवरीचा निखारा, वरून राख, आन् हातभर लांब धरजो."

"हव, समजलं."

"समजलं म्हनतेत सारेच. मंग फाटला का माह्याच दारात येतेत."

सोनबा हसला आणि मला छातीशी धरून घेऊन गेला. त्या दिवसापासून माझे आयुष्य सुरू झाले.

सोनबाचा धंदा गाडीचा. जंगलातून बांबू भरायचे आणि सेलूच्या बाजारात पोचवायचे. गाडीच्या जोडीत उजवीकडे चांद्या नावाचा पांढरा बैल होता, कपाळावर चंद्रकोर असलेला. रस्ता लांब, गाडी संथ. सोनबा मला मांडीवर घेऊन एका बोटाने ताल धरायचा आणि गाणी जुळवायचा. एखादी ओळ बसली की चांद्या मान हलवायचा, त्याची घंटी वाजायची आणि सोनबा म्हणायचा, "पाह्य, याले समजलं." माझ्या आठवणीतले सगळ्यात सुखाचे दिवस ते. मी तेव्हा फार वाजत नव्हतो, नुसता सोबत असायचो.

पुढे नाव झाले. जत्रा, बाजार, मंडई, लग्नघरे, पुलगावच्या मिलमधल्या कामगारांचा गणपती, सगळीकडे सोनबाला बोलावणे यायचे. माझ्या कड्याला गोंडे लागले. नागपंचमीला मला हळदकुंकू लागायचे. हे हळदकुंकू लावणारा होता कवडू.

मोटार थांबते तिथे कवडूचे चहाचे हॉटेल होते. तो सोनबाचा भक्तच म्हणा ना. सोनबा कुठेही गायला निघाला की कवडू हॉटेलला फळी लावून मला खांद्यावर घ्यायचा. समोर बसून तो सगळ्यांच्या आधी मान डोलवायचा, आणि टाळी त्याचीच पहिली असायची. सोनबाविषयी कोणी वाकडा शब्द काढला तर त्याच्या हॉटेलात त्या माणसाला चहा मिळत नसे. मिळालाच तर गार.

एका उन्हाळ्यात चांद्या लंगडू लागला. सोनबाने पाहिले, खुरावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही खेप टाकून येऊ, मंग पाहू." ती खेप झाली, पुढची झाली. तिसऱ्या खेपेला घाटाच्या चढावर चांद्या बसला, तो उठलाच नाही. सोनबाने त्याचे तोंड मांडीवर घेतले. मी गाडीतच होतो, बांबूंच्या भाऱ्याला अडकवलेला. त्या दिवशी मला कोणी हात लावला नाही.

पोळा आला तेव्हा सोनबाच्या दारात चांद्याचा खुंटा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी मुले लाकडाचे बैल सजवून मिरवतात. शेजारची एक लहान मुलगी आपल्या लाकडी बैलाला चारा दाखवत बसली होती. सोनबा किती तरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. आत त्याची बायको रुखमा जात्यावर बसली होती. तिच्या ओवीची चाल धरून त्याने दारातच गाणे जुळवले.

लाकडाच्या बैला, तुले नाई भूक,
तरी लेकरू पुसते, काय तुह्यं दुख.

लाकडाच्या बैला, तुले नाई तहान,
तरी वाटीभर पाणी आणते लहान.

लाकडाच्या बैला, तुले नाई कान,
तरी कानात सांगते आपलं गाऱ्हान.

याच्यापुढे आणखी एक कडवे आहे, शेवटचे. ते मी आत्ता सांगत नाही. कारण पुढची चार वर्षे ते कोणालाच ऐकू गेले नव्हते, आणि त्यात माझा हात होता.

झाले असे, की पहिल्यांदा हे गाणे लोकांपुढे म्हणताना त्या शेवटच्या कडव्याला सोनबाचा गळा दाटला. आवाज फुटला. हजार माणसांत शाहीर रडतो आहे असे दिसू नये म्हणून त्याने मला वर उचलले आणि जोराने थाप मारली. एकामागून एक. मी असा दणाणलो की ओळ त्यात बुडून गेली. आणि मित्रांनो, लोकांना तेच आवडले! कवडू तर उठून उभा राहिला. "वा शाहीर! हा दनका!" पुढच्या गावी लोक त्या दणक्याचीच वाट बघत बसले. त्यानंतरच्या गावीही. जिथे सोनबा लपत होता, तिथेच सगळ्यात जास्त टाळ्या पडत होत्या. हळूहळू तिसरे कडवेही माझ्या पोटात जाऊ लागले, मग दुसरे.

मला हे ठाऊक होते. आणि खरे सांगायचे तर मला त्याचा गर्वही झाला होता. टाळ्या माझ्याच आहेत असे मी समजत होतो.

मग एकोणीसशे चोपन्नचे साल आले. श्रावणात सेलूच्या बाजारात दुपारचा कार्यक्रम झाला. गर्दीच्या कडेला काळी छत्री घेतलेला एक माणूस शेवटपर्यंत उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता, उठूनही जात नव्हता. कवडूने त्याला बसायला पोते दिले, तर तो "राहू द्या, इथून बरं ऐकू येतं," म्हणाला. ते होते वर्ध्याचे लक्ष्मणराव मास्तर. मुलांना गाणे शिकवायचे आणि 'धामकाठ' नावाच्या साप्ताहिकात लिहायचे.

आठ दिवसांनी मोटारीने 'धामकाठ' आला. कवडूला वाचता येत नव्हते, पण सोनबाचे नाव छापून आले आहे एवढे त्याला कोणीतरी सांगितले होते. त्याने मोठ्या आनंदाने गावच्या गुरुजींना हॉटेलात बसवले, सगळ्यांना हाका मारून बोलावले, माझ्यावर फूल ठेवले आणि म्हणाला, "वाचा गुरुजी, मोठ्यानं वाचा."

गुरुजींनी मनात दोन ओळी वाचल्या आणि चष्मा काढला. "कवडू, हे मी घरी घेऊन जातो."

"नाई नाई, इथंच वाचा. साऱ्याइले आयकू द्या."

गुरुजींनी लिहिणाऱ्याच्या नावासकट वाचले. "शाहीर सोनबा यांच्या कवनाची तारीफ आम्ही बरीच ऐकली होती, म्हणून मुद्दाम गेलो. परंतु आम्हांस ऐकू आला तो डफ. पहिले कडवे कसेबसे कानी पडले. पुढे डफ चढत गेला व शेवटच्या कडव्याचा तर त्याने पुरता घास घेतला. लोक टाळ्या पिटत होते, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावे. शाहिरांचा गळा त्या जागी साथ देत नाही आणि डफ ते झाकतो, असे आमचे मत झाले. डफ हे इमानी वाद्य आहे. त्याला असे खोटे बोलावयास लावू नये."

मग सगळे एकदम बोलू लागले.

"कोन बे हा लक्षुमनराव?"

"वर्धेचा मास्तर हाये गान्याचा."

"त्यानं कधी बैल हाकलला का? बैलाचं गानं काय समजते त्याले?"

"पोट दुखून राह्यलं त्याचं, दुसरं काई नाई."

कोपऱ्यातले एक म्हातारे आबाजी हळूच म्हणाले, "पन कवडू, ते शेवटचं कडवं मलेबी कधी समजलं नाई बाप्पा."

"तुमी आदी कान दाखवा डाक्टरले, आबाजी!" कवडू कडाडला. आणि त्याने तिथल्या तिथे सांगून टाकले, "हिंगनीत हा कागद एक बी राहू द्याचा नाई. सेलूतबी नाई!"

तो कामालाच लागला. न्हाव्याकडून, वाण्याकडून, देवळाच्या ओट्यावरून त्याने 'धामकाठ'चे अंक गोळा केले. लोक विचारायचे, "काऊन पाह्यजे रे?" तो म्हणायचा, "जाळाले." "काय लिवलं असं त्यात?" मग बिचाऱ्याला सांगावे लागायचे. ज्या घरी कधी पेपर गेला नव्हता, त्या घरीही मास्तरांचे म्हणणे कवडूच्या तोंडून पोचले. सांगून सांगून, आणि अडले तिथे गुरुजींकडून पुन्हा वाचून घेऊन, त्याला तो मजकूर काना-मात्रेसकट पाठ झाला.

मलाही राग आला होता. मी खोटे बोलतो म्हणे! खुंटीवर मी आतल्या आत ताणून बसलो होतो. पण पावसाळी हवा होती, मी ओलसर, ढिला. एखाद्याने थाप मारली असती तर 'भद्' असा आवाज आला असता. रागावलेल्या डफाला तेवढेही जमत नव्हते.

सोनबा मात्र रागावला नाही. गुरुजींकडून त्याने तो मजकूर दोनदा वाचून घेतला. घरी येऊन मला खुंटीला अडकवले आणि त्या दिवसापासून गाणे गुणगुणणेसुद्धा बंद केले. तान्ह्या पोळ्याला गावाने त्याला दरवर्षीसारखे बोलावले, तर त्याने मानेनेच नाही म्हटले.

तेव्हा कवडू घरी आला. दुपारची वेळ, बाहेर पावसाची झिमझिम. रुखमा जात्यावर दळत होती.

"शाहीर, असे रुसून बसान त तो मास्तर जिकला ना!"

"रुसलो नाई कवडू. खरं लिवलं हाये त्यानं."

"काय खरं? साफ झूट! 'शाहिरांचा गळा त्या जागी साथ देत नाही आणि डफ ते झाकतो, असे आमचे मत झाले.' असं लिवते का कोनी? 'डफ हे इमानी वाद्य आहे...'"

जाते थांबले. रुखमा म्हणाली, "कवडूभाऊजी, कागद त पाठ झाला तुमाले."

"रागानं झाला वहिनी."

"आन् गानं? चार सालापासून समोर बसून आयकून राह्यले. शेवटचं कडवं म्हना बरं."

"हे काय, आत्ता म्हनतो." कवडूने घसा साफ केला. वर बघितले. खाली बघितले. "ते नाई का... शाहीर असा डफ उचलतेत... आन् मंग..." त्याने आपल्या मांडीवर दण-दणादण थापा मारल्या.

"हा त ठेका झाला. बोल सांगा."

कवडू कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "वहिनी, तिथं त मी टाळ्या वाजवून राह्यलो असतो ना."

सोनबा हसला. किती तरी दिवसांनी हसला. पण हसता हसताच त्याने चेहरा पुसला. "तुहा दोस नाई रे. म्याच आयकू देल्लं नाई." मग तो माझ्याजवळ आला आणि माझ्या कातड्यावर पालथा हात ठेवला. "तान्ह्या पोळ्याले लेकराइसमोर गातो. हात आवरून वाजवतो. त्याईले शेवटचं कडवं आयकू गेलं त पुढं गाईन. नाई त हा डफ चिंधूले वापस देतो आन् मी मोकळा."

रुखमाने पुन्हा जात्याचा खुंटा धरला, पण फिरवला नाही. मी मात्र खुंटीवर घाबरून गेलो. चार वर्षांची सवय लागलेला हात आवरतो का, हे मला चांगले ठाऊक होते. त्या ओळीला गळा दाटला की तो हात वर जाणार, आणि मी दणाणणार. सोनबाचे गाणे माझ्याच तोंडून मरणार.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी पाऊस उघडला होता, पण जमिनीत पाणी होते आणि हवेतही. देवळासमोर मुले आपापले बैल घेऊन रांगेने बसली. काही बैलांना चाके होती, काहींच्या शिंगांना बेगड होती. एकाचा एक पाय तुटलेला, तिथे मुलाने दाणे काढलेल्या कणसाचे बुरकुंड बांधले होते. कोणाचा बैल चांगला सजला ते ठरवायला गुरुजींनी पाहुणे बोलावले होते, आणि पाहुणे कोण, तर छत्रीवाले लक्ष्मणराव मास्तर. गुरुजींचा हेतू चांगला होता. कवडूचा नव्हता.

कवडूने मला सोनबाच्या घरून शेकायला म्हणून आणले होते. त्याच्या बगलेत 'धामकाठ'चा सगळा गठ्ठा होता. मास्तरांच्या खुर्चीसमोरच त्याने तीन दगड मांडले, कागद रचले आणि मोठ्याने म्हणाला, "गोवऱ्या ओल्या हायेत म्हनलं. मास्तरचे शब्द लय कोरडे हायेत. त्याइच्याच जाळावर आज आमचा डफ तापते!"

त्याचे सोबती खदखदा हसले. काडी ओढली गेली.

मित्रांनो, गोवरीचा निखारा आजीच्या हातासारखा असतो. कागदाचा जाळ तसा नसतो. तो एकदम उठतो, भडकतो, वेडावाकडा होतो. कवडूने मला हातभर लांब धरायचे सोडून थेट ज्वाळेवर धरले, सगळ्यांना दिसावे म्हणून. मला आधी ऊब वाटली. कातडे ताणले, सूर चढला, आणि एका क्षणाला मी जन्मात नव्हतो तेवढा उंच झालो.

"अहो, जाळ नको! कातडं आहे ते!"

हे ओरडले लक्ष्मणराव मास्तर. छत्री टाकून ते खुर्चीवरून धावले, नुसत्या हाताने त्यांनी जळते कागद बाजूला लोटले. मला वाचवायला पहिला माणूस धावला तो हा. पण उशीर झाला होता. वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज झाला आणि मी मधोमध फाटलो. कड्याला आग लागली होती, ती मास्तरांनी आपल्या उपरण्याने विझवली. हाच तो काळा डाग.

कवडू मला दोन्ही हातांत धरून उभा होता, मेलेले पाखरू धरावे तसा. "शाहीर," एवढेच तो म्हणाला.

सोनबा गर्दीतून पुढे आला. त्याने मला घेतले. फाटलेल्या जागेतून त्याची बोटे आरपार गेली. मला वाटले, आता संपले. हा मला इथेच टाकून घरी जाईल. तो मुलांकडे बघत राहिला. मुलेही त्याच्याकडे बघत होती, बैलांवर हात ठेवून.

तो खाली बसला, त्यांच्याच रांगेसमोर, जमिनीवर. मला मांडीवर घेतले, जसे गाडीत घ्यायचा तसे. आणि मी गप्प असताना, चार वर्षांत पहिल्यांदा, त्याने आवाज खाली घेऊन ते गाणे म्हटले.

पहिले कडवे झाले. दुसरे झाले. तिसऱ्याला, 'तुले नाई कान' म्हणताच, समोरच्या एका मुलीने आपल्या बैलाच्या कानाशी तोंड नेले आणि खरेच काहीतरी सांगितले. मग शेवटचे आले. मला कळले, गळा दाटला. त्याचा उजवा हात उचलला गेला, सवयीने. तो माझ्यावर यायला निघाला, पण तिथे कातडे नव्हते. हात भोकावर अधांतरी राहिला आणि हळूच खाली आला.

जित्या माह्या बैला...

एवढेच निघाले. आवाज फुटला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले, सगळ्या गावासमोर. झाकायला काही नव्हते. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून रुखमाने ओळ उचलली, जात्यावर उचलावी तशी, घाई न करता. आणि दोघांनी मिळून ती पुरी केली.

जित्या माह्या बैला, तुले होती भूक,
आमी नाई पुसलं, काय तुह्यं दुख.

टाळ्या पडल्या नाहीत. कवडूचे हात वर आले होते, ते तसेच एकमेकांत अडकून राहिले. आबाजी म्हणाले, "आत्ता समजलं बाप्पा." पाय तुटलेल्या बैलाच्या मालकाने आपला बैल उचलून मांडीवर घेतला.

थोड्या वेळाने मास्तर सोनबाजवळ येऊन बसले. त्यांच्या दोन बोटांना फोड आले होते. ते म्हणाले, "शाहीर, चूक माझीही झाली. गळा साथ देत नाही असं मी लिहिलं. गळ्यात काय अडकलं होतं, ते मला ऐकू आलं नव्हतं." मग जरा घुटमळून म्हणाले, "पण एक सांगू का? दुसऱ्या कडव्यात तो 'लहान' शब्द आहे ना, तो नुसता यमकासाठी आला आहे."

कवडू ताडकन उठला. "पाहा! पुन्ना सुरू झालं याइचं!"

"बस खाली," सोनबा म्हणाला. "मलेबी तो खटकतेच." आणि मास्तरांकडे वळून म्हणाला, "सांगा, कसा बसवू?"

मास्तरांना सुचेना. सोनबालाही सुचेना. तिथेच उकिडवे बसून दोघे मांडीवर ताल धरत राहिले. शेवटी रुखमा मागून म्हणाली, "'तरी ओंजळीनं पाजते पोरगी नादान' म्हना ना. एवढं काय त्यात?"

तेव्हापासून ते कडवे तसेच आहे.

मला दुसऱ्या दिवशी चिंधूच्या दारात नेले. त्याने मला बघितले, सोनबाला बघितले, मागे मान खाली घालून उभ्या असलेल्या कवडूला बघितले. "म्या काय सांगलतं? जाळ नको दावजो म्हनून सांगलतं का नाई?" तो कड्यावरचा डाग रंध्याने तासून काढणार होता, पण सोनबाने हात धरला. "राहू दे तो. असाच मढव."

मला नवे कातडे मिळाले. पुढे सोनबा खूप ठिकाणी गायला, पण मला वाजवायची रीत बदलली. बोलांच्या वेळी नुसती बोटे, मधल्या जागी थाप. मी पूर्वीएवढा मोठा वाजत नाही, असे काही लोक कुरकुरले. त्यांना दणका हवा होता, ते दुसऱ्या शाहिरांकडे गेले. सोनबा त्यांच्याविषयी कधी वाकडे बोलला नाही.

मास्तरांनी 'धामकाठ'मध्ये तान्ह्या पोळ्याविषयी पाच ओळी लिहिल्या. कवडूने त्या हॉटेलच्या भिंतीवर चिकटवल्या, पण त्याच्या मनाला बरे वाटेना. शेजारी तो पहिला मजकूरही लावायला हवा, असे त्याला वाटू लागले. त्यासाठी तो मोटारीने वर्ध्याला गेला. मास्तर म्हणाले, "अहो, माझ्याकडचा अंक कधीच रद्दीत गेला. तुमच्याकडचे सगळे तर तुम्हीच जाळलेत." तेव्हा कवडू त्यांच्या ओसरीवर बसला आणि त्याने तो मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. मास्तरांनी तो आपल्या हाताने उतरवून दिला. आता दोन्ही कागद भिंतीवर शेजारी शेजारी आहेत, चहाच्या वाफेने पिवळे झालेले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला ओल्या भिंतीला टांगू नका. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. शेकायचे झाले तर राखेखालच्या निखाऱ्यावर, हातभर लांबून, सावकाश शेका. आणि तुमच्या गाण्यात काही चुकले असे सांगायला कोणी आला, तर त्याला बसायला काहीतरी द्या. रागाने उठू नका आणि नुसते भिऊन गप्पही बसू नका. आधी आपले शेवटचे कडवे त्याला नीट ऐकू गेले आहे का, ते बघा.

दर तान्ह्या पोळ्याला मला खुंटीवरून काढतात. सोनबाचा आवाज आता पार खाली गेला आहे. पहिल्या तीन कडव्यांना तो माझ्यावर बोटे फिरवतो. चौथे आले की मला उलटा करून छातीशी धरतो, आणि मी गप्प होतो. मला तेव्हा फक्त त्याच्या छातीतले ऐकू येते, आणि बाहेर ती ओळ. ती आता सगळ्या गावाला पाठ आहे. कवडूलासुद्धा.